ढोबळे सरांचं दुसरं दार

ढोबळे सरांना वळसा म्हणून सहन होत नसे. नागपूरला आमच्या संशोधन संस्थेच्या तारेच्या कुंपणाला त्यांनी बसथांब्याच्या बाजूने भोक पाडून घेतलं होतं. घरी तर स्वयंपाकघराची भिंत फोडून शेजाऱ्यांच्या अंगणात दार काढलेलं. "फिरून काहून जायचं वं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माणूस लाखमोलाचा, पण त्या दारातून शेजारच्या कोंबड्या आत येत आणि सरांच्या बायको, आमच्या काकू, माझ्यापाशी कपाळ बडवून घेत.

ऐंशीच्या दशकात संस्थेत संगणक आला आणि त्याचा मुख्य पासवर्ड सरांच्या हाती गेला. उमरेडच्या कोळसा खाणीभोवतीच्या विहिरींचं पाणी मी कित्येक उन्हाळे मोजलं होतं, माझी पीएच.डी. त्या आकड्यांवर उभी होती. आकडे मशीनमध्ये चढले तसे सरांनी मूळ कागद रद्दीत घातले. "पसारा काहून ठेवायचा?"

संगणकातली डिरेक्टरी म्हणजे एक खोली. बाहेरच्या खोलीत वर्षांच्या खोल्या, वर्षाच्या आत गावं, गावाच्या आत विहिरी. सगळ्यात आतल्या खोलीतून बाहेर यायचा सरांना कंटाळा. त्यांनी तिथेच एक जोडणी केली, थेट बाहेरच्या खोलीत उघडणारं दार.

"सर, हे करू नका असं माहितीपुस्तकात छापलंय."

"मशीन करू देते ना? मंग!"

मग टेपवर प्रत घेण्याचा दिवस आला. नवी टेप मागवायची सोडून सरांनी जुन्याच टेपवर, आधीची प्रत पुसून, काम लावलं. मशीन आत आत गेलं, सरांच्या दारातून पुन्हा बाहेरच्या खोलीत आलं, पुन्हा आत गेलं. टेप संपली, तरी पहिल्याच वर्षातली फेरी संपेना.

"सारं दुहेरी झालं वाटते," सर म्हणाले. "एक प्रत पुसून टाकतो."

"सर, थांबा! ती प्रत नाही, तुमचं दार आहे ते!"

मी ओरडेपर्यंत त्यांचं बोट बटणावर पडलं होतं. दोन्ही दारांमागे खोली एकच होती, आणि ती रिकामी झाली. मी इतकी चिडले की रडूसुद्धा येईना. सर खाली मान घालून बसले होते, आणि त्याचाही मला रागच आला.

पुढल्या उन्हाळ्यात सर स्वतः माझ्याबरोबर उमरेडच्या एसटीत बसले, हातात मोजपट्टी घेऊन. उतरल्यावर मी सवयीने शेतातल्या पायवाटेकडे वळले.

"नाही वं, रस्त्यानं जाऊ."

आयुष्यभर कुंपणं तोडणाऱ्या या माणसाला आत्ता शहाणपण सुचलं! त्या उन्हात अख्ख्या शिवाराला वळसा घालताना मी मनातल्या मनात त्यांना वाट्टेल ते बोलून घेतलं. पोचलो तर विहीरच नव्हती. खाण पुढे सरकली होती, पलीकडच्या विहिरीही तिने गिळल्या होत्या. सर कडेला मोजपट्टी धरून उभे राहिले.

"विहीर खाणीनं नेली," ते म्हणाले, "पण आकडे मी नेले तुये."

उरलेल्या विहिरींवर माझा प्रबंध कसाबसा उभा राहिला. व्हायला हवा होता तसा तो झाला नाही.

सर वारले तेव्हा मी त्यांच्या घरी गेले होते. स्वयंपाकघरातलं दार विटांनी बुजवलेलं दिसलं. "उमरेडहून आले अन् दुसऱ्याच दिवशी स्वतःच बुजवलं त्याईनं," काकू म्हणाल्या. "आता कोंबड्या येत नाहीत." त्यांना तेवढाच दिलासा होता. मी मान हलवली. मला माझ्या विहिरी हव्या होत्या.