पुढचा कप

सिंगापुरात बुकित बातोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडपात, दर शनिवारी आमच्या टेबलावर बेसबॉल रंगतो, आणि तोही कॉफीच्या रिकाम्या कपांनी! खेळवणारे गृहस्थ मूळचे रत्नागिरीचे, जहाजावर इंजिनिअर. त्यांचा एक लाडका फलंदाज आहे, चाळिशीला टेकलेला. त्याचा कप ते सर्वांत पुढे ठेवतात, त्याच्या पिढीतल्या बाकीच्यांचे मागे, आणि गरजतात, "एका मोसमाचं काय घेऊन बसलात? अख्ख्या कारकिर्दीची सरासरी बघा!" टेबलाखाली त्यांचा पाय सारखा हलत असतो, त्यामुळे सगळे खेळाडू बशीत किणकिणतात. सफाईवाली आंटी कप उचलायला आली की हे दोन्ही हात पसरून आडवे होतात. "आंटी, वेट लाह! गेम नॉट ओव्हर!"

गेल्या शनिवारी ते नोव्हेनाच्या हॉस्पिटलातून थेट आले. पुन्हा जहाजावर चढायचं तर डॉक्टरांचा दाखला हवा होता.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"हृदय नापास. आता जहाज नाही."

मी घाईघाईने तो लाडका कप आणखी पुढे सरकवला. "अहो, एका मोसमाचं काय घेऊन बसलात? कारकीर्द बघा!"

ते हसले. "डॉक्टर आजचाच मोसम बघतात हो."

तेवढ्यात आंटी आली. मी हात पसरले, तर त्यांनीच मला थांबवलं. पुढचा कप स्वतः उचलला, उष्ट्या भांड्यांच्या रॅकवर नेऊन ठेवला आणि परत येऊन बसले.

टेबल पहिल्यांदाच स्थिर होतं. मला ते मुळीच आवडलं नाही.