हुकूम बरोबर, हात वाकडा

आक्का रस्त्याच्या मधोमध चालायच्या. पाय फाकलेले, हात बाजूला पसरलेले. प्रत्येक पाऊल आधी हवेत डगमगायचं आणि मग धप्पकन खाली यायचं. कडेने चला म्हटलं तर म्हणायच्या, "कडंला गटार हाय. पडायचंच झालं तर मधी पडीन, लोकांना दिसंल तरी."

पुण्याजवळच्या भुकूम गावात त्यांच्या वरच्या खोलीत मी चार वर्षं भाड्याने राहिले. मी आले तेव्हा त्या धडधाकट होत्या. नवरा वारलेला, एकुलती लेक मंदाताई शेजारच्या गावात दिलेली. रस्त्यालगत भाताचं एक खाचर होतं, आक्का आणि त्यांचे दीर यांच्या सामाईक नावावर. माझ्या दुसऱ्या वर्षी गच्चीवरची टाकी धुताना त्या घसरल्या आणि डोक्याची मागची बाजू कठड्यावर आपटली. तीन आठवड्यांनी दवाखान्यातून घरी आल्या त्या अशा. जीभ जड, शब्द ओढत यायचे. कप घ्यायला हात नेला की हात कपाच्या पुढे निघून जायचा.

गावाने निदान लगेच केलं. किराणा दुकानापाशी एकजण हसून म्हणाला, "आक्का आता सकाळीच घेत्यात वाटतं." आक्का वळल्या, झोकांड्या खात त्याच्यासमोर गेल्या आणि तोंड उघडून उभ्या राहिल्या. "घे वास. आला? मिशरीचा आला आसंल. तेवढंच यसन हाय मला." तो दुकानदाराने बांधलेला पुडा न घेताच निघून गेला.

मग एक दिवस दीर कागद आणि शाईची डबी घेऊन आले. खाचराला गिऱ्हाईक आलं होतं, तिथे इमारत व्हायची होती. "वहिनी, सही आता तुमाला जमायची न्हाई. अंगठा द्या."

"मी चौथी पास हाय, भावजी. अंगठा माझ्या आईनं लावला, मी न्हाई लावायची. आन जमीन बी न्हाई इकायची."

दीर गेले, पण गप्प बसले नाहीत. वहिनींच्या डोक्यावर परिणाम झालाय, त्यांच्या 'न्हाई'ला काही अर्थ नाही, असं त्यांनी भावकीत पसरवलं. रविवारी बैठक ठरली.

आक्कांनी मला खाली बोलावलं आणि दवाखान्याची फाईल पुढे ढकलली. "ह्यात माझ्या रोगाचं नाव काय लिवलंय?"

"अटॅक्सिया."

"म्हंजे येड?"

मी फोनवर शोधून सांगितलं, की हातापायांचा मेळ बसत नाही, त्याला म्हणतात. त्यांनी फोनकडे संशयाने पाहिलं. "ज्यानं लिवलंय त्यालाच इच्यारू."

मी रजा टाकली आणि आम्ही पुण्याला गेलो. डॉक्टरांनी समजावलं, हात उचलायचं मोठा मेंदू ठरवतो. किती उचलायचा, कुठे थांबवायचा, हे मागचा लहान मेंदू सांभाळतो. मार तिथे बसलाय. आक्का म्हणाल्या, "म्हंजे हुकूम बरोबर सुटतुया. पोचता पोचता वाकडा हुतुया."

"अगदी बरोबर."

"आन अक्कल?"

"तिला काही झालेलं नाही."

"मग लिवून द्या. मराठीत."

रविवारी मी ते पत्र वाचायला उभी राहिले, तर आक्कांनी मला हाताने थांबवलं. हात माझ्या पोटात बसला. "आधी मी बोलते." आणि त्या जड जिभेने एकेक अक्षर उचलत म्हणाल्या, "अ-टॅक्-सि-या. येड न्हाई, दारू न्हाई. आता वाच."

मी वाचलं. दीर म्हणाले, "मग सही करून दावा की."

आक्कांनी डाव्या हाताने उजवं मनगट टेबलावर दाबून धरलं. पहिला कागद फाटला. दुसऱ्यावर 'जमीन विकायची नाही' लिहून झाल्यावर त्या घामाने भिजल्या होत्या. खाली सही केली. अक्षरं वाट फुटेल तिकडे पळालेली.

"ही काय सही हाय?"

"वाचा की, भावजी. काय लिवलंय?"

दिरांनी कागद लांब धरला आणि आक्कांचं नाव पूर्ण वाचलं.

"वाचता आलं न्हवं? मग झालं."

पुढे वर्षभर दीर बोलले नाहीत. आक्का रोज बांधावर चालायचा सराव करायच्या आणि बऱ्याचदा पडायच्या. मी रागावले की म्हणायच्या, "पडतीया म्हंजे चालतीया. निजलेलं मानूस कुटं पडतंय?" नोकरीत माझं बिनसलं, लग्न मोडलं, तेव्हा हे वाक्य मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल!

बावधनला राहायला निघाले त्या दिवशी मी वाकले, तर ओरडल्या, "पाया पडू नगं, दोघी बी पडू." मग माझा गाल कुरवाळायला हात पुढे केला. तो कानावर बसला. त्यांनी परत नेम धरला आणि या वेळी गाल सापडला.

दोन वर्षांनी हिवाळ्यात न्यूमोनियाने त्या गेल्या. आता खाचराच्या दोन्ही बाजूंना उंच इमारती आहेत आणि मध्ये मंदाताई इंद्रायणी भात लावते. यंदा भाताच्या आवणीच्या वेळी मी गेले होते. एक मोटारवाला काच खाली करून विचारत होता, जागा द्यायची आहे का. मंदाताईने चिखलातून मान वर केली, "न्हाई" म्हणाली आणि पुढचं रोप लावलं.