गाडीआधी चार्जर

दसऱ्याला आमच्या मुलुंडच्या सोसायटीत सगळे गाड्या धुतात, हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. आमचे शेजारी चार्जरकाका मात्र पार्किंगच्या भिंतीवरच्या चार्जरला हार घालायचे. हळदकुंकू, नारळ, उदबत्ती, सगळं साग्रसंगीत. आणि गाडी? गाडी नव्हतीच! एक नाही, दोन नाही, लागोपाठ तीन दसरे नव्हती. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. तिचा अर्थ मला आमच्या पार्किंगमध्ये कळला.

काका भांडुपच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल पॅनेल जोडायचे. रिटायर झाले आणि विजेची गाडी घ्यायचं डोक्यात घेतलं. त्यात गैर काही नाही. पण आधी चार्जर! एनओसीसाठी कमिटीशी महिनोन् महिने भांडले. सेक्रेटरी म्हणाला, "आग लागली तर?" काका म्हणाले, "तुमच्या देवघरातल्या निरांजनाची एनओसी घेतलीत का?" हे झकास होतं, मीसुद्धा टाळी दिली. चार्जर लागला, त्याला कुलपाची पेटी लागली, आणि तिथेच सगळं अडलं.

"आत्ता घेणारा मूर्ख," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आधी म्हणाले, या लिथियमच्या बॅटऱ्या तापतात, फॉस्फेटवाली येऊ दे. ती आली. मग म्हणाले, सोडियमची येतेय, स्वस्त पडेल. मग सॉलिड स्टेटचं खूळ. "आतलं द्रवच काढून टाकतायत गं! चहा होईपर्यंत गाडी चार्ज. अजून दोन वर्षं, बघ तू." मग निदान हायब्रिड घ्या म्हटलं, तर नाक मुरडून म्हणाले, "हायब्रिड म्हणजे दोन सासवांच्या हाताखालची सून. पेट्रोलचंही ऐका, विजेचंही ऐका." जगात कुठेही कुणी बॅटरीत चमचाभर काही नवं घातलं की काकांना लगेच कळायचं, आणि भाजीच्या पिशव्या हातात घेऊन जिन्यात मला ते ऐकावं लागायचं. मी आता बोरिवलीला राहते. बॅटरीची बातमी दिसली की अजून माझे हात दुखतात.

रिकाम्या पार्किंगचा थाट तर विचारूच नका. रोज सकाळी झाडायचं, दोन कुंड्या आडव्या लावायच्या. एकदा मी तासभर स्कूटर लावली तर खाली धावत आले.

"उद्या गाडी आली तर कुठे लावू मी?"

"काका, उद्या येतेय?"

"तशी उद्या नाही गं. पण शिस्त म्हणून काही असतं ना?"

राग यायचा मला या माणसाचा. आणि आवडायचाही, हीच तर पंचाईत. माझ्या स्वयंपाकघरात शॉर्ट सर्किट झालं तेव्हा बनियनवर धावत आले, चप्पलसुद्धा न घालता. दुसऱ्याच्या घरी एक मिनिट दम न धरणारा हा माणूस स्वतःच्या घरी मात्र नुसता दम धरून बसलेला.

त्याची किंमत काकू मोजत होत्या. काकूंचं माहेर देवगडकडे, आई नव्वदीच्या पुढची. काकूंचे गुडघे गेलेले, एसटीची पायरी चढवत नव्हती, ट्रेनची तर नाहीच. चार वर्षं आईला भेटल्या नव्हत्या. फोनवर म्हातारी विचारायची, "जावयांची गाडी कधी येतली गो?" काकू म्हणायच्या, "येतली गे आये." मी म्हटलं, काका, भाड्याची गाडी करा ना. तर म्हणे, "आपली येतेय ना, मग भाड्याने कशाला? वाटेत हवं तिथे थांबू, हिला पाय मोकळे करायला." काकू आतून म्हणाल्या, "यांची बॅटरी सुधारेपर्यंत माझे पाय कायमचे मोकळे होतील!"

टेस्ट ड्राइव्हला ते काकूंना हटकून न्यायचे. काकू दर वेळी चांगली साडी नेसायच्या, पर्समध्ये पेढ्यांचा बॉक्स. एका शोरूममध्ये मीही होते. गाडी ठरली, रंग ठरला, काकांनी बुकिंगच्या फॉर्मवर नावसुद्धा लिहिलं. आणि ती सेल्सवाली पोरगी हौसेने म्हणाली, "सर, दिवाळीनंतर हेच मॉडेल मोठ्या बॅटरीत येतंय." काकांनी पेनाला टोपण लावलं. पेढ्यांचा बॉक्स तसाच परत आला. जिन्यात मी काकांना वाट्टेल ते बोलले. "म्हातारी काय सॉलिड स्टेटची आहे का हो?" इतकं बोलले. काका हसले. "अगं, ती शंभरी गाठेल. दिवाळी तर जाऊ दे."

दिवाळी गेली आणि थंडीत एका सकाळी फोन आला. काकांनी धावपळ करून भाड्याचीच गाडी केली. ते पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. काकूंना आईचं तोंडही दिसलं नाही.

परत आल्यावर काका जिन्यात थांबेनासे झाले. महिन्याभराने माझ्या दारात आले, म्हणाले, "शनिवारी चल माझ्याबरोबर." शोरूममध्ये जी समोर उभी होती ती घेतली. बॅटरी कसली, एका चार्जमध्ये किती जाते, काही विचारलं नाही. सेल्समन काहीतरी सांगायला लागला तर म्हणाले, "गप्प बस रे बाबा, किल्ली दे."

गाडी आली तशा काकू खाली आल्या. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, ओवाळलं, नारळ मला फोडायला दिला. काही म्हणता काही चुकवलं नाही. काकांनी पुढचं दार उघडलं आणि म्हणाले, "बस. देवगडला जाऊ."

काकूंनी आरतीचं ताट माझ्या हातात दिलं. आवाज चढवला नाही, रडल्याही नाहीत.

"आई होती तेव्हा तुम्ही बैलगाडी आणली असतीत तरी बसले असते हो. आता तिथे कोण आहे माझं?"

आणि भिंतीला धरून त्या लिफ्टकडे गेल्या. काका दार धरून उभेच. दार उघडं म्हणून गाडी आतून टिंग टिंग करत राहिली. शेवटी मीच पुढे झाले, त्यांचा हात बाजूला केला आणि ते दार लावलं.