शेजाऱ्याची सही

दीना रूर्डिंक एका जागी बसत नाही, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. कॉफी ओतायची आणि ती निवेपर्यंत कोंबड्यांना दाणे टाकून यायची, अशी ती बाई. तिने नवऱ्याच्या घराण्याची वंशावळ लिहायला घेतली तेव्हा लोक हसले. पण चार वर्षं, दर शुक्रवारी, वाचनालयातल्या मायक्रोफिल्मच्या यंत्रापुढे बसून तिने हॉलंडमधल्या जुन्या नोंदवह्या पालथ्या घातल्या. १८७१ साली बायकामुलांसकट इथे आयोवात येऊन पडलेल्या टोबियास रूर्डिंकपासून आजवरची चारशे बारा माणसं तिने हुडकली आणि प्रत्येकाला एक आकडा दिला. जुलैत सगळं घराणं जमणार होतं. त्याआधी पुस्तक हवं, म्हणून कागद सोमवारी सकाळी छापखान्यात द्यायचे ठरले होते.

आणि आदल्या शुक्रवारी घोळ झाला.

टोबियासला सहा मुलं, असं घरच्या बायबलच्या कोऱ्या पानावर लिहिलेलं होतं. दीना एक तारीख पडताळायला म्हणून मृत्यूंची वही बघत होती, तर १८५८ सालात तिला सातवं सापडलं. ‘निर्जीव जन्मलेलं मूल, मुलगी.’ नाव नाही. खाली कळवणाऱ्यांची नावं: बाप टोबियास रूर्डिंक, शेतकरी, वय एकोणतीस, आणि शेजारी, तोही शेतकरी, वय चव्वेचाळीस. दोघांच्या सह्या. शेजाऱ्याची सही अगदी वेडीवाकडी, नांगर धरणाऱ्या हाताची.

दीना उठली, दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा वाचलं.

तिचं स्वतःचं पहिलं मूल १९६१ साली असंच गेलं होतं. दवाखान्यात तिला इंजेक्शन देऊन झोपवलं, आणि जाग आली तेव्हा नर्स एवढंच म्हणाली, “नाही वाचलं.” मुलगा की मुलगी, कुणी बोललं नाही. पुरलं कुठे, तेही नाही. पाद्री म्हणाले, देवाची इच्छा. घरी आली तर खोलीतला पाळणा गेलेला. नवऱ्याला, हार्मला, तिने एकदाच विचारलं. “झालं ते झालं, दीना,” म्हणाला आणि गोठ्यात गेला. रूर्डिंक पुरुषांच्या तोंडून शब्द काढण्यापेक्षा भाकड गाईचं दूध काढणं सोपं. पुढे मार्ला झाली, मग पीटर. वंशावळीत मार्ला पहिली. आकडा तीनशे सहा.

शनिवारभर दीनाने एकच तवा तीनदा घासला.

“अगं, भोक पाडतेस का त्याला?” हार्म म्हणाला.

“टोबियासला सात मुलं होती.”

“बायबलात सहा आहेत.”

“सरकारी वहीत सात आहेत. निर्जीव होतं तरी नोंद आहे. बाप स्वतः गेला होता सांगायला.”

हार्मने वर्तमानपत्राचं पान उलटलं. “सोमवारी पुस्तक जायचंय ना तुझं? मग जुनी मढी कशाला उकरतेस?”

तिला इतका राग आला, की तवा फेकून मारावासा वाटला. मारला नाही. चौथ्यांदा घासला.

रविवारी देवळात, प्रवचनाचा दुसरा भाग संपून रिवाजाप्रमाणे पेपरमिंटच्या गोळ्या बाकांवरून फिरल्या, तेव्हा तिचं लक्ष पुढच्या बाकावरच्या वेसेल लामर्सच्या मानेकडे गेलं. म्हातारा चौऱ्याऐंशीचा, रस्त्यापलीकडच्या शेतावरचा. गोळी तिच्या तोंडात तशीच राहिली. आमच्या लोकांत मयताचं सगळं पहिला शेजारी, म्हणजे लगतच्या घरचा, करतो. बोलवावं लागत नाही. तो पेटी करतो, खड्डा खणतो, चार घरी सांगून येतो. हॉलंडच्या खेड्यात तसं होतं, इथेही तेच. तेहेतीस वर्षं ती नवऱ्याचं तोंड बघत राहिली, आणि ज्याला विचारायचं तो समोर राहत होता.

दुपारी हार्मचा डोळा लागला तशी ती रस्ता ओलांडून गेली.

“वेसेलकाका, माझं मूल तुम्ही पुरलंत का?”

म्हातारा कॉफीत साखर ढवळत होता. चमचा थांबला.

“उशीर केलास गं. मला वाटलं, मी मरेपर्यंत विचारत नाहीस.”

“मग सांगायचं नाही का तुम्ही?”

“शेजाऱ्याने खणायचं असतं पोरी, बोलायचं नसतं.” त्याने कप बाजूला सारला. “मुलगी होती. डोकं भरून काळे केस. पेटी मी केली. हार्मने फळ्या आणून दिल्या, पाळण्याच्या. खड्डा निम्मा त्याने खणला, मग त्याला जमेना. खोऱ्यावर डोकं टेकून उभा राहिला. उरलेला मी खणला. तुझ्या सासूच्या पायाशी आहे ती.”

दर मे महिन्यात दीना सासूच्या थडग्यावर फुलं ठेवायची, आणि ठेवून झाल्यावर पायाशीच उभी राहायची. ती मोठ्याने रडली, म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघरात, जराही न लाजता.

मग पिशवीतून कागद काढून तिने जुन्या वहीतल्यासारखीच नोंद लिहिली. बापाची ओळ कोरी ठेवली आणि पेन वेसेलपुढे सरकवलं.

“रविवार आहे ना आज, काम करायचं नसतं,” म्हातारा म्हणाला.

“ठाऊक आहे.”

“बरं. विहिरीत पडलेला बैल रविवारीसुद्धा काढावा, असं शास्त्रातच लिहिलंय.” आणि त्याने सही केली. वेडीवाकडी.

घरी हार्म उठून कॉफीला बसला होता. हा माणूस रविवारी पेन्सिलीला टोकसुद्धा करत नसे. दीनाने कागद त्याच्या कपाशेजारी ठेवला आणि समोरच्या खुर्चीत बसली. कोंबड्या ओरडत होत्या. ती उठली नाही.

हार्मने वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

“मला वाटलं, सांगितलं नाही तर तू विसरशील,” तो म्हणाला.

“नाही विसरले.”

“मीही नाही.” त्याने कागद जवळ ओढला. “मार्लापासून पुढचे सगळे आकडे बदलतील.”

“एकशे सात आहेत. टोबियासच्या मुलीसाठी तर सगळेच बदलायचेत. बदलीन.”

“पेन दे.”

कोऱ्या ओळीवर त्याने सावकाश लिहिलं: बाप, हार्म रूर्डिंक, शेतकरी. मग थोडं थांबून, एकोणसाठ वर्षांच्या त्या माणसाने वयाच्या जागी लिहिलं, सव्वीस.