दुसऱ्या माणसाचा डोळा

माझ्या साळ्याइतका रिकाम्या वस्तूला भिणारा माणूस अख्ख्या पवनीत दुसरा सापडणार नाही. भरलेल्या बंदुकीला कोणीही भितो. हा रिकामीला भ्यायचा. फौजेत साहेबांच्या मागेपुढे राहून त्यानं अर्धी जिंदगी कमरेला पिस्तूल वागवलं. आपला भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हाच पेन्शन घेऊन तो आमच्या शेजारी राहायला आला. आल्या आल्या म्हणाला, "भंडाऱ्याची अर्धी मॅगझिन काढून घेतली की, भाऊजी!" पिस्तूल तिकडेच जमा झालं, शिस्त तेवढी घरी आली. शिस्त अशी, की मॅगझिनमध्ये गोळ्या असल्या तरी चेंबर, म्हणजे नळीच्या बुडाशी गोळी बसते ती जागा, खाली पाहिजे. हुकूम झाला तरच गोळी चढवायची. ड्यूटीवरून आल्यावर रेतीच्या पोत्याकडे नळी करून ती उतरवायची आणि दुसऱ्या माणसानं आत पाहून 'खाली' म्हणायचं. स्वतःचं पाहणं धरायचं नाही. त्याच्या एका जोडीदारानं स्वतःच पाहिलं, खाली समजून घोडा दाबला, तर गोळी तुपाच्या डब्यातून आरपार. "बराकभर तूप, भाऊजी! अन् थो म्हणे, म्या पाह्यलं होतं!"

म्हणून त्याच्या टॉर्चात दोन सेल आत आणि तिसरा खिशात. धानावर फवारून आला, पंप धुतला, की नळी कुंपणाकडे करून हाक मारायचा, "बाई, पाह्य वं!" माझी बायको, त्याची मोठी बहीण, कणकेच्या हातानं जायची, वाकून टाकीत पाहायची, 'खाली' म्हणायची. मग तो जागचा हलायचा. "काहून रे, साप आला त सेल टाकेपर्यंत थांब म्हणशील का त्याले?" ती विचारायची. "एक सेकंद लागते, बाई." मी दोघांनाही येडं म्हणायचो.

तिच्या काखेत गाठ आली, तेव्हा तिनं स्वतःच चाचपली. "काई नाई, जाईल आपोआप." मी मानलं. धानाच्या रोवणीचे दिवस होते. ती काही नाही म्हणते तर नसेल काही. दवाखान्यात नेलं तोवर डॉक्टरपाशी मान हलवण्यापलीकडे काही उरलं नव्हतं. तिच्या तेरवीला, तेराव्या दिवशी, साळा एवढंच बोलला, "भाऊजी, दुसऱ्यानं पाहाचं रायते." त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली मला. खरं बोलला म्हणूनच वाटली. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

परवा पाहतो तर पंपाची नळी कुंपणाकडे धरून तो नुसता उभा. हाक कोणाला मारावी ते त्याला कळेना. मी गेलो, दुखऱ्या गुडघ्यांनी वाकलो, टाकीत पाहिलं, 'खाली' म्हणालो. त्यानं पंप ठेवला.

"भाऊजी, बीपीची गोळी घेतली का?"

"घेतली."

"दाखवा पाकीट."

आणलं. त्यानं ते उन्हाकडे धरून निरखलं. आजची गोळी तिथंच होती. तो पाण्याचा गडवा आणायला आत गेला.

तिचंही असं कोणीतरी पाहायला पाहिजे होतं. मी तर घरातच होतो.