हवेतली मासोळी

अमेरिकेत, बेलव्ह्यूच्या आमच्या वाचनालयात मुलांच्या विभागात बुटक्या खुर्च्या आहेत. त्यातल्या लाल खुर्चीवर सत्तरीच्या कुसुममावशी रोज येऊन बसायच्या. सुती साडी, पायात लेकीचे स्पोर्ट्स शूज, मांडीवर जाडजूड शब्दकोश आणि हातात दहा वर्षांच्या नातीचं, इराचं, पुस्तक. अमरावतीला शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या मावशी सहा महिन्यांसाठी लेकीकडे आल्या होत्या.

इराला मराठी कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. तिच्याशी बोलायला काहीतरी हवं म्हणून मावशींनी तिची कादंबरी हातात घेतली आणि स्वतःच तिच्यात अडकल्या. धबधबा चढून पलीकडे उडी मारणारी मासोळी ड्रॅगन होते, अशी चीनकडची जुनी गोष्ट आहे. त्यावर बेतलेल्या या कादंबरीचा पहिला भाग मासोळीने उडी घेतल्यावरच संपतो. मी तिथली ग्रंथपाल; दुसऱ्या भागासाठी मावशींनी माझ्याकडे नंबर लावला, यादीत पहिला. वर मला बजावलं, "मासोळीला हवेत टांगून मी मरणार नाही, सांगून ठेवते."

नेमकं ते पुस्तक बाजारात येणार मंगळवारी आणि मावशींचं विमान रविवारी. व्हिसा संपत होता, त्यामुळे तिकीट पुढे ढकलायची सोय नव्हती. अमरावतीला ते पुस्तक कधी पोचेल, कोण जाणे.

शनिवारी त्या निरोप घ्यायला आल्या, तेव्हा त्या पुस्तकाच्या प्रतींचं खोकं वाचनालयातल्या माझ्या खोलीत येऊन पडलं होतं. मंगळवारपर्यंत उघडायचं नाही, अशी वर प्रकाशकाची ठळक सूचना. नोकरीत मी कधी नियम मोडला नव्हता, पण त्या दिवशी कटर उचलला. म्हटलं, मावशी, इथेच बसून वाचा, कुणाला कळायचं नाही.

त्यांनी माझं मनगट धरलं. "काहून उघडते वो माय? नैवेद्य दाखवायच्या आधी कोणी चाखते का? यादीत माझ्यामागं किती पोरं आहेत?"

"सव्वीस."

"मग?"

खोक्यावर तळहात ठेवून त्या जरा वेळ उभ्या राहिल्या. डोळे भरले होते. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाटला तो अचंबा. इतकी ओढ असून इतकं थांबता येतं, हे मी पहिल्यांदा पाहत होते. जाताना यादीतला आपला नंबर त्यांनी इराला देऊन टाकला.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती; मंगळवारी दार उघडताच इरा हजर. पुस्तक घेतलं आणि लाल खुर्चीवर बसली. दुपारी पाहिलं तर पुस्तक मांडीवर तसंच, मिटलेलं. आवडलं नाही का, असं मी विचारलं. तसं नाही, अशी तिने मान हलवली. "आजी इज स्टिल स्लीपिंग."

इथे संध्याकाळ झाली, तेव्हा अमरावतीत उजाडलं. इराला न्यायला आलेल्या तिच्या आईच्या फोनवर मावशींचा चेहरा दिसला. अंघोळ करून, केस विंचरून बसल्या होत्या. इराने पहिलं पान उघडलं, मनातल्या मनात वाचलं आणि अडखळत, मराठी शब्द शोधत म्हणाली, "आजी, मासोळी अजून हवेतच आहे. तू नीट बस. मी सांगते."