कॅचरची बॅग

शुक्रवारी सकाळपासून मॅडमच्या पायाला भिंगरी लागली होती. दूध गॅसवर ठेवून त्या गॅलरीत गेल्या, तिथे कशासाठी आलो ते विसरून परत आत आल्या, आणि तेवढ्यात दूध उतू गेलं. वडील टेबलापाशी पेपर वाचत होते. त्यांनी मान वर न करता मूठ वळली आणि अंगठा खांद्यावरून मागे फेकला. दूध बाद.

वडील वीज कंपनीत मीटर तपासायचे आणि रविवारी बेसबॉलचे अंपायर असायचे. नोकरी संपली, मैदान सुटलं, अंगातला अंपायर तेवढा शिल्लक राहिला. भाजी खारट झाली, पेपर उशिरा आला, पंखा कुरकुरला, सगळ्यावर त्यांचा हात उठायचा. निर्णय द्यायचा आणि विषय संपवायचा. मॅडम ही त्यांची धाकटी मुलगी. कॉलेजात खेळाच्या शिक्षिका, आणि बेसबॉलच्या मुलांच्या कोच. त्यांनी लग्न केलं नव्हतं. का नाही, हे विचारायचं लोकांनी एकदाचं सोडून दिलं तेव्हा त्यांना बरं वाटलं होतं आणि थोडा रागही आला होता.

हंगामातली पहिली मॅच दुसऱ्या दिवशी होती आणि कॅचर कोण, ते अजून कोणाला कळलेलं नव्हतं. कॅचर म्हणजे बॅट्समनच्या मागे मास्क लावून उकिडवा बसणारा. बाकी सगळे एकीकडे तोंड करून उभे असतात, हा एकटा त्यांच्याकडे तोंड करून. पिचरने कुठला चेंडू टाकायचा ते बोटांच्या खुणांनी हाच सांगतो, आणि समोरच्या संघातलं कोणी चोरून दुसऱ्या बेसकडे, म्हणजे पुढच्या ठिय्याकडे, पळालं की त्याच्याआधी तिथे चेंडू पोचवून त्याला टिपायचं कामही याचंच. गेल्या वर्षीपर्यंत हे काम ज्याच्याकडे होतं तो पास होऊन निघून गेला होता. मागे उरले दोघं.

एक होता काका. नात्याने कोणाचाच नाही. दोनदा वर्ष बुडाल्यामुळे संघात सगळ्यांत मोठा, अंगाने आडवा, म्हणून मुलांनी काका केलेला. आल्यापासून तो बाकावर होता. मॅचआधी पिचर लोकांचे हात मोकळे करून द्यायचे, त्यांचे रुसवेफुगवे काढायचे आणि मॅच सुरू झाली की बाकावर येऊन मॅडमच्या शेजारी बसायचं. गेल्या हंगामाच्या शेवटी बसमधून परत येताना सगळी पोरं माना टाकून झोपली होती. तेव्हा मॅडम त्याला म्हणाल्या होत्या, पुढच्या वर्षी मास्क तुझा. तो नुसतं "हो मॅडम" म्हणाला आणि कॉलेज येईपर्यंत खिडकीबाहेर बघत जागा राहिला.

दुसरा बेडक्या. पहिल्या वर्षाचा, काटकुळा, बसल्या जागेवरून असा उसळायचा की पोरांना दुसरं नाव सुचलंच नाही. तोंडाला मात्र कायमचं कुलूप. संघातला मुख्य पिचर डावखुरा होता आणि त्याच नावाने ओळखला जायचा. त्याने तक्रार केली होती की खूण नीट दाखव म्हटलं तर हा आपल्याकडे असा बघतो, जणू आपण त्याची किडनी मागतोय.

मॅडमचा घड्याळ लावून थ्रोचा वेळ मोजण्यावर विश्वास नव्हता. त्या स्वतः कॉलेजात असताना दुसऱ्या बेसवर खेळलेल्या. आठवडाभर त्या रोज तिथे जाऊन उभ्या राहिल्या आणि दोघांना आळीपाळीने चेंडू फेकायला लावत राहिल्या. काकाचा चेंडू यायचा तो एक टप्पा घेऊन, दमून भागून. पुढे झुकून, कधी गुडघा टेकून तो गोळा करावा लागायचा. बेडक्याचा यायचा तेव्हा ग्लोव्ह बेसच्या थोडा वर नुसता धरून ठेवायचा. बाकी चेंडू बघून घ्यायचा.

सराव संपला की काका चेंडू गोळा करता करता जवळ यायचा आणि कसा होता म्हणून विचारायचा. मॅडम म्हणायच्या, चांगला होता. बेडक्याने कधी विचारलं नाही, तेव्हा त्याला काही सांगायचीही वेळ आली नाही.

संघात एक पद्धत होती, आधीच्या कोचपासून चालत आलेली. कॅचर कोण, हे बोलून सांगायचं नाही. मास्क, छातीचं कवच आणि पायांची कवचं यांचा कॉलेजकडे एकच संच होता, एका लांबलचक बॅगेत भरलेला. पहिल्या मॅचच्या सकाळी कोचने कपडे बदलायच्या खोलीत यायचं, ती बॅग एकाच्या पुढ्यात ठेवायची आणि काही न बोलता बाहेर पडायचं. पोरांना त्यात मोठा थरार वाटायचा. मॅडमना यंदा पहिल्यांदाच ती पद्धत फार सोयीची वाटत होती.

पायाच्या कवचांचे पट्टे विरले होते म्हणून ती बॅग त्यांनी दुरुस्तीला घरी आणली होती. दुपारी जाड सुई आणि दोरा घेऊन त्या जमिनीवर बसल्या. शिवताना निदान एका जागी बसून राहता येईल, असा हिशेब. तरी मधेच उठून पाणी पिऊन आल्या, मधेच दार लावलंय ना ते बघून आल्या. वडील खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. शेवटी त्यांनी एक कवच उचललं, उलटसुलट केलं.

"हे कोणाच्या मापाचं केलंस?"

"होतं त्याच मापाचं आहे."

"आपला तो आडवा मुलगा, बॅग पोचवायला येतो आणि चहाला बसतो, त्याच्या पिंढरीला हा पट्टा पुरायचा नाही."

मॅडमनी खाली बघितलं. विरलेला भाग काढून टाकताना त्यांनी चांगला पट्टाही बराच कापला होता. कापलेले तुकडे त्यांच्या मांडीवरच पडले होते. उरलेला पट्टा एखाद्या काटकुळ्या पायाभोवती बेताने बसला असता, आणि त्यांनी तो तिथेच दुहेरी टाके घालून पक्का केला होता.

"लक्ष नव्हतं माझं," त्या म्हणाल्या. "जोड देते."

"दे की. कापताना हात तुझाच होता ना पण?" वडिलांनी कवच खाली ठेवलं. "तुझं ठरून कधीच झालंय. आता बॅग ठेवून पळायचं तेवढं बघतेयस."

"पळतेय कुठे? पद्धत आहे ती."

"मी आऊट द्यायचो तो समोरच्याच्या तोंडाकडे बघून. शिव्या खाल्ल्या पुष्कळ. पण बघून."

यावर बोलण्यासारखं मॅडमना खूप काही सुचलं. अंपायर परत घरी जातो आणि कोचला दुसऱ्या दिवशी त्याच पोरांसमोर उभं राहायचं असतं, वगैरे. पण वडिलांनी पेपर उघडला होता. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. मॅडमनी दोरा दातांनी तोडला, चपला घातल्या आणि बाहेर पडल्या.

काका दुपारनंतर त्याच्या मामाच्या टायरच्या दुकानात काम करायचा. मॅडम पोचल्या तेव्हा तो एका गाडीच्या चाकाशी उकिडवा बसून नट ढिले करत होता. मामा गल्ल्यावरून उठूनच आला. त्याने खुर्ची पुसली, शेजारच्या हॉटेलात ओरडून चहा सांगितला आणि एका दमात बोलत सुटला. भाच्याने सगळं सांगितलंय, उद्या दुकान बंद, सगळे मॅच बघायला येणार. बहीण कधी कुठे येत नाही, पण यंदा तिलाही कसं तयार केलं, ती सकाळच्या पहिल्या गाडीने निघतेय. मॅडमनी बसल्यासारखं केलं आणि लगेच उठल्या. "जरा त्याच्याशी बोलते," म्हणाल्या.

काकाने त्यांना येताना बघितलं होतं. पाना हातात तसाच धरून तो उभा राहिला. मॅडमनी ठरवलं होतं की आधी त्याच्या मेहनतीबद्दल बोलायचं. ते राहूनच गेलं.

"उद्या बेडक्या सुरुवात करेल."

काकाने पान्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "तुम्ही म्हणाला होतात."

"म्हणाले होते. म्हणायला नको होतं."

"माझं काय चुकलं?"

"चुकलं काही नाही. तुझा थ्रो पोचत नाही."

"आठवडाभर तर चांगला, चांगला म्हणत होतात."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

"खोटं बोलत होते," त्या म्हणाल्या.

काकाने मान हलवली. राग आला असता तर मॅडमना पुढचं सोपं गेलं असतं. "तेव्हाच सांगितलं असतंत, तर मी आईला बोलावलं नसतं," तो म्हणाला. मग चाकाशी खाली बसत, त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "मामाला तुम्हीच सांगा."

मॅडमनी मामाला सांगितलं. मामा नुसतं "बरं" म्हणाला आणि गल्ल्यामागे जाऊन बसला. तेवढ्यात चहा आला. तो टाकून जाणं बरं दिसेना, म्हणून मॅडमनी तो उभ्यानेच, जीभ पोळत संपवला. मागे नट फिरवल्याचा आवाज तेवढा चालू होता, गरजेपेक्षा जास्तच वेळ.

सकाळी त्यांनी बॅग बेडक्याच्या पुढ्यात ठेवली. बेडक्याने आधी बॅगेकडे बघितलं, मग दाराकडे, जणू बॅगेचा मालक मागून येत असेल. डावखुऱ्याने त्याच्या पाठीत गुद्दा घातला तेव्हा कुठे त्याने चेन उघडली.

काका उशिरा आला, पण आला, खेळायच्या कपड्यांत. रोज मॅडमना नमस्कार करायचा, आज केला नाही. बाकावर आपल्या जागेवरही बसला नाही. राखीव पिचरला घेऊन तो थेट कुंपणाजवळ गेला आणि त्याचे चेंडू झेलायला बसला. डावखुरा दमला तर दुसरा तयार हवा, हे त्याला कोणी सांगायला लागलं नव्हतं. बसला तो असा, की मॅडमकडे त्याची पाठ यावी. प्रेक्षकांत मामा नव्हता. अगदी वरच्या पायरीवर एक बाई मांडीवर पर्स धरून एकटीच बसली होती. मैदानाकडे तिचं लक्ष नव्हतं. ती कुंपणाकडे बघत होती.

मॅडम बाकावर बसत होत्या, उठत होत्या. मॅच सुरू झाली. कुंपणाजवळ काकाच्या ग्लोव्हमध्ये चेंडू बसल्याचे आवाज एका लयीत येत होते. इकडे समोरच्या संघाचा एक जण पहिल्या बेसवर पोचला, दोन पावलं पुढे सरकला, परत मागे आला, आणि डावखुऱ्याच्या हातून चेंडू सुटताच दुसऱ्या बेसकडे पळत सुटला. बेडक्या उसळला. मॅडमनी आठवडाभर हातात झेललेला तोच थ्रो. फक्त तो आज बेसवर थांबला नाही. तिथे झेलायला उभ्या असलेल्या मुलाच्या डोक्यावरून गेला आणि मागे गवतात लांबवर घरंगळत राहिला. पळणारा दुसऱ्यावर न थांबता तिसऱ्यावर पोचला. समोरच्या बाकावर आरडाओरड झाली.

मॅडमनी कुंपणाकडे बघितलं नाही. पण तिकडचा आवाज बंद पडला होता, हे त्यांना बघितल्याशिवाय कळलं. बेडक्या मास्क हातात घेऊन बाकाकडे बघत उभा होता. त्यांनी दोन्ही हात खाली दाबल्यासारखे केले: काही नाही, बस. त्याने मास्क परत चढवला आणि बसला.

थोड्या वेळाने कुंपणाजवळ चेंडू पुन्हा ग्लोव्हमध्ये बसू लागला.